पहिल्या अंड्यापर्यंतचे सहा महिने



वसंतातल्या व्याख्यानांत वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. मी आज कोंबडीवर बोलणार आहे. आणि तेही अंडी देणाऱ्या कोंबडीवर नव्हे, तर अद्याप अंडी न देणाऱ्या कोंबडीवर. कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने हा विषय का निवडावा, असे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. घरकाम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या अनेक बायकांच्या परसात तीनचार कोंबड्या असतात. मजुरीचा पैसा घरात येतो आणि देण्याघेण्यात निघून जातो. अंड्यांचा पैसा मात्र बहुधा त्या बाईच्या हातात राहतो. मुलाची वही, दवाखान्याचा फेरा, माहेरी जाण्याचे भाडे त्यातून निघते. म्हणून "तलंग अंड्यावर कधी येणार?" हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, हे खेड्यातून आलेल्या मंडळींना सांगावयास नको. ती पाचव्या महिन्यात अंगाने भरते, रुबाबात हिंडते, दाणा खाते, आणि अंडे काही देत नाही. घरातल्यांचा धीर इथे सुटतो. कोणी म्हणते ती वांझ आहे, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि बाजाराच्या दिवशी व्यापारी दाराशी आला की ती वजनावर विकली जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या काळात ती रिकामी बसून खाते असे आपणांस वाटते, त्याच काळात तिचे सर्वांत मोठे काम चाललेले असते. ते काम समजले, तर वाट पाहणे सुसह्य होते आणि नुकसान टळते.

प्रथम तिचे कूळ पाहू. आपल्या घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे भारतात आणि आग्नेय आशियात आढळणारा तांबडा रानकोंबडा. डार्विनने 1868 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच अनुमान मांडले होते. आपल्या सह्याद्रीत करड्या रंगाचा रानकोंबडा आढळतो. त्याचाही थोडा अंश पाळीव कोंबड्यांत उतरला आहे आणि त्यांच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे 2008 साली आनुवंशिक अभ्यासातून दिसून आले. रानातली कोंबडी एका खेपेस पाचसहा अंडी घालते आणि उबवायला बसते. तिच्या दृष्टीने अंडे हे पिलासाठी आहे, बाजारासाठी नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिला अधिक अंडी द्यावयास लावले. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली पांढरी लेगहॉर्न आज वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आपली देशी कोंबडी साधारण पन्नास ते ऐंशी. पण कितीही निवड केली, तरी शरीराची तयारी झाल्याशिवाय पहिले अंडे येत नाही.

ही तयारी कोणती? कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचेच अंडाशय आणि डाव्या बाजूचीच अंडनलिका वाढते. उजवी बाजू खुरटलेलीच राहते. तलंग लहान असते तेव्हा ही नलिका दोऱ्यासारखी बारीक असते. अंड्यावर येण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढते आणि हातभर लांबीची, जाड, घड्याघड्यांची होते. अंडाशयात हजारो सूक्ष्म बीजे असतात. त्यांतली थोडी एकामागोमाग एक वाढू लागतात. एका बीजाचा पूर्ण पिवळा बलक होण्यास शेवटचे आठदहा दिवस लागतात. बलक सुटून नलिकेत उतरला, की तीन तासांत त्यावर पांढरा बलक चढतो, पुढे तासासव्वा तासात पापुद्रे चढतात, आणि नंतर सुमारे वीस तास कवच तयार होत राहते. एकूण एक दिवस आणि वर थोडा वेळ. म्हणून कोणतीही कोंबडी दिवसाला दोन अंडी नेमाने देऊ शकत नाही, आणि पुष्कळशा कोंबड्यांचे अंडे रोज थोडे उशिरा येत येत एक दिवस खाडा पडतो. त्यास आळस म्हणू नये. चोवीस तासांच्या पाळीत पंचवीस तासांचे काम बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याहून नवलाची गोष्ट हाडांत घडते. अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. त्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. एवढ्याशा जिवाला एका रात्रीत ते आणावयाचे कोठून? म्हणून पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत एक नवीन, मऊ, जाळीदार हाड तयार होऊ लागते. ही तिची कोठी. दिवसा खाल्लेला चुना तीत साठतो आणि रात्री, पोटात दाणा नसताना, कवचासाठी तेथून उचलला जातो. ही युक्ती इतकी जुनी आहे, की अशाच प्रकारचे हाड एका प्रचंड मांसाहारी डायनोसॉरच्या जीवाश्मात सापडल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा पंधरा दिवस तलंग नुसती खाते आणि काही देत नाही, असे वाटेल त्या वेळी ती कोठी भरत असते, हे ध्यानी ठेवावे.

आता काळाचा हिशेब. लेगहॉर्नसारखी हलक्या जातीची तलंग साडेचार ते पाच महिन्यांत अंड्यावर येते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराज, किंवा झाबुआकडची काळी कडकनाथ, साधारण सहा महिन्यांच्या सुमारास. देशी तलंगेला सहा ते सात महिने, आणि पोटभर मिळाले नाही तर आठही. शेजारणीची कोंबडी पाचव्या महिन्यात अंडे देते म्हणून आपली खोटी ठरत नाही. जात वेगळी असू शकते. शिवाय वय हे एकच माप नव्हे. वजन पुरेसे भरले नाही, तर शरीर अंड्याचा विचारच करीत नाही. आधी स्वतःचे हाडमांस, मग अंडे, असा निसर्गाचा क्रम आहे.

वय आणि वजन यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते, ती प्रकाश. "कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही" ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. कोंबडीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. पक्ष्याच्या मेंदूला प्रकाश नुसत्या डोळ्यांतून कळत नाही, कवटीतून आत झिरपणारा उजेडही कळतो. 1930 च्या दशकात जाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग करून ही गोष्ट पुढे आणली. दिवस वाढू लागला, की मेंदूतून निघालेला संदेश अंडाशयापर्यंत पोचतो. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. इंग्लंडच्या मानाने हा फरक थोडा, पण तो कोंबडीला कळतो. कार्तिकात निघालेले पिलू चैत्र-वैशाखात, वाढत्या दिवसांत, वयात येते आणि लवकर अंडे देते. ज्येष्ठ-आषाढात निघालेले पिलू मार्गशीर्षाच्या लहान दिवसांत वयात येते. त्याला महिनाभर उशीर झाला तर नवल मानू नये. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. त्याबरोबर पुष्कळ घरांतल्या तलंगा एकदम अंड्यावर येतात, त्याचे कारण हे आहे.

मोठ्या कुक्कुटशाळांत याच ज्ञानावर सगळा कारभार चालतो. तेथे तलंग वाढत असताना उजेड वाढू देत नाहीत. वजन भरले, की सतराव्या-अठराव्या आठवड्यानंतर हळूहळू वाढवीत सोळा तासांपर्यंत नेतात. कोणी म्हणेल, मग आपणही तिसऱ्या महिन्यापासून खुराड्यात दिवा लावू. तसे मुळीच करू नये. अंगाची वाढ पुरी होण्याआधी तिला अंड्यावर ढकलले, तर अंडी बारीक येतात आणि कित्येकदा अंडे घालताना तिचे अंग बाहेर येते. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तेथे टोचतात आणि ती मरते. तलंग सहा महिन्यांची होऊन वजनाने भरलेली असेल आणि थंडीच्या दिवसांत थबकली असेल, तरच पहाटे दोनअडीच तास एखादा लहान दिवा लावावा, तोही हळूहळू वेळ वाढवीत.

चौथी गोष्ट खाद्य. वाढत्या तलंगेला चुना थोडाच हवा. खाद्यात शेकडा एकच्या आसपास. अंड्यावर आल्यावर तोच साडेतीन-चारपर्यंत लागतो. अंडी लवकर यावीत म्हणून कोवळ्या वयात अंड्यांवरच्या कोंबडीचे खाद्य सुरू केले, तर जादा चुना तिच्या मूत्रपिंडांना बाधतो. सोपा उपाय असा, की तुरा लाल होऊ लागला, की शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. जिला हवा ती खाईल. कोंबडीला ही भूक उपजत कळते. नुसत्या भाताच्या शितांवर आणि ज्वारी-बाजरीवर अंडे होत नाही. भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड, मासळी बाजारातली खराब न झालेली टाकाऊ सुकट, उकिरड्यातले किडे, हिरवा पाला, यांतून तिला प्रथिने मिळतात. आणि पाणी. अंड्यात तीनचतुर्थांश पाणीच असते. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. वैशाखात पाण्याचे भांडे दुपारी रिकामे राहिले, तर अंड्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

इतके सगळे जुळून आले, की खुणा दिसू लागतात. तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी फिकट गुलाबी असते ती लालभडक होते. पाठीवर हात ठेवला, की तलंग पंख थोडे पसरून खाली बसते. ही फार भरवशाची खूण आहे, आणि ती दिसल्यावर बहुधा आठदहा दिवसांत अंडे येते. शेपटीखाली दोन टोकदार हाडे हाताला लागतात. लहान तलंगेत त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावते, अंड्यावर आलेलीत दोनतीन. ती कोपऱ्याकोपऱ्यात डोकावू लागते, गवत उकरते, उगाच ओरडते. तेव्हा अंधाऱ्या, शांत जागी गवत घातलेली टोपली ठेवावी. चारपाच कोंबड्यांना एक पुरते. त्यात गुळगुळीत पांढरा गोटा ठेवला, तर येथे घालावयाचे असते हे तिला समजते. पहिले अंडे लहान असेल, कधी मऊ कवचाचे, कधी दोन बलकांचे. त्यात अशुभ काही नाही. नवे यंत्र सुरू होताना थोडे खडखडते, तसेच हे. अंड्यासाठी कोंबडा लागतो हाही गैरसमज आहे. तो पिलांसाठी लागतो.

खुणा दिसूनही अंडे मिळत नसेल, तर चौकशी करावी. पुष्कळदा ती अंडे देत असते आणि आपणांस सापडत नाही. सरपणाच्या ढिगात, माळ्यावर, शेजारच्या कुंपणात दहाबारा अंडी एकदम निघतात. बहुतेक अंडी दुपारच्या आत येतात, म्हणून आठवडाभर दहाअकरापर्यंत कोंबड्या खुराड्यातच ठेवाव्यात. मुंगूस, घूस आणि कधीकधी कोंबडी स्वतःही अंडे खाते. पोटात जंत असले किंवा अंगावर उवा-गोचीड असले, तर खाल्लेले अंगी लागत नाही. कुत्र्यामांजराचे भय, रोज बदलणारी जागा, याही गोष्टी अंडे लांबवितात. आणि जिची वाट पाहत आहो ती तलंगच आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. तीन महिन्यांनंतर शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसे आली असतील, तर तो कोंबडा आहे आणि तो कितीही थांबलात तरी अंडे देणार नाही.

आता दुसरा हिशेब, पैशाचा. हलक्या जातीची तलंग बंदिस्त पद्धतीत वीस आठवड्यांत साधारण सात किलो खाद्य खाते. परसातली देशी तलंग आणखी दीडदोन महिने घेते. तिला दहा किलो धरा. त्यातले निम्मे ती उकिरड्यातून, गवतातून आणि खरकट्यातून स्वतः मिळवते असे मानू. राहिले पाच किलो. एक किलो खाद्याला चार अंड्यांची किंमत पडते असे समजा. आपापल्या गावचा भाव घालून प्रत्येकाने हे गणित पुन्हा करावे. म्हणजे वीस अंड्यांचे देणे झाले. पिलाच्या किमतीची पाच धरली, तर पंचवीस. देशी कोंबडी एका खेपेला बारापंधरा अंडी देते. तेव्हा दोन खेपांत देणे फिटते आणि वर्षाची बाकीची अंडी घरची.

तलंग सहाव्या महिन्यात विकली जाते तेव्हा या देण्यातले बहुतेक भरून झालेले असते. उरतो एखादा महिना. त्यात विकतचा दाणा दीड किलो, म्हणजे सहा अंड्यांचा खर्च. सहा अंड्यांच्या नडीपायी पन्नाससाठ अंड्यांवर पाणी सोडले जाते. घेणारा तिला मांसाच्या भावाने घेतो. तिच्या पोटात वाढलेली नलिका आणि हाडांत भरत आलेली कोठी, यांची किंमत त्या तराजूत पडत नाही. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी कापणाऱ्या माणसाची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि हाव वाईट असते असे तात्पर्य काढतो. येथे हाव नाही. येथे घरात तेल संपलेले आहे. अशा घराला धीर धरा असा उपदेश करणे सोपे आहे. धीरालाही भांडवल लागते, हे उपदेश करणारा विसरतो.

मोठी कुक्कुटशाळा हे विसरत नाही. ती सोळाअठरा आठवड्यांची तयार तलंग मुद्दाम जादा पैसे मोजून विकत घेते किंवा स्वतः वाढवते, आणि वाट पाहण्याचा खर्च खतावणीत भांडवली खर्च म्हणून लिहिते. हातात आलेल्या मालाआधीचा काळ हाही उत्पादनाचाच भाग आहे, हे तत्त्व कामगार चळवळीला परिचित आहे. मुंबई कायदेमंडळात 1928 साली प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी बाळंतपणाआधीची विश्रांतीही राष्ट्राच्या हिताची मानली होती. 1929 साली तो कायदा झाला. बाईची आणि कोंबडीची तुलना मी करीत नाही. पण दिसत नसलेल्या कामाचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न दोन्हीकडे आहे, आणि तो एकेकट्याने सुटत नाही.

याचे उत्तम उदाहरण लसीच्या बाटलीत आहे. परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे मानमोडी, तिलाच राणीखेत म्हणतात. 1926 साली जावा बेटात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल येथे हा रोग प्रथम ओळखला गेला आणि लवकरच कुमाऊँतल्या राणीखेत येथे आढळला. तो आला की पाचसहा महिने पोसलेल्या तलंगा चारदोन दिवसांत जातात. वाट पाहण्याचा सगळा खर्च मातीत. त्यावर लस आहे, स्वस्त आहे आणि गुणकारी आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, असा तिचा साधारण क्रम असतो. नेमका क्रम पशुवैद्यकाला विचारून ठरवावा. मग घरोघरी ती का दिली जात नाही? कारण तिची लहानात लहान बाटलीही बहुधा शंभर कोंबड्यांची असते, ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की तासादोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या मालकिणीने ती घेऊन काय करावे?

पण पंचवीस घरांच्या प्रत्येकी चार कोंबड्या एकत्र मोजल्या, की बरोबर शंभर होतात. बाटली तीच, पैसे वाटून अगदी थोडे, आणि एका सकाळचे काम. ज्या वस्तीत बचतगट आहे, तेथे याच गटाने खाद्याची गोणी एकत्र आणावी. जिच्या तलंगेचा तुरा लाल झाला आहे, तिला शेवटच्या महिन्याचे दीडदोन किलो खाद्य उधार द्यावे आणि पहिल्या खेपेच्या अंड्यांतून ते फेडून घ्यावे. एका कोंबडीमागे सहाआठ अंड्यांची ही पत आहे. कोणत्याही गटाला ती जड नाही. पिले एकाच वेळी, शक्यतो दिवाळीच्या सुमारास आणावीत, म्हणजे लस एकदम देता येईल आणि वाढता दिवसही मिळेल. शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेचे नियम पाहावेत, खुराडे कोरडे ठेवावे आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये; नाहीतर अंड्याआधी तक्रार येईल.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात कोंबडी नसेल. पण आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या परसात ती असण्याचा संभव आहे. लस कोठे मिळते हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून देणे, ती आणावयास थर्मास आणि बर्फ देणे, पंचवीस नावांची यादी करून देणे, एवढे आपल्यापैकी कोणालाही करता येईल. वस्तीत अशी यादी झाली, की पहिले काम एका सकाळी बाटली फोडून शंभर थेंब टाकण्याचे. बाकीचे काम तलंग आपले आपण करते.